छायाचित्र कोठे कापायचे? एका प्रायोगिक अंकाचा अनुभव

वृत्तविद्येच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या विभागात विद्यार्थ्यांनी स्वतः एक प्रायोगिक वृत्तपत्र काढण्याची पद्धत आहे. बातम्या, मथळे, पानांची मांडणी, छपाईवरची देखरेख ही सगळी कामे विद्यार्थीच करतात आणि प्रत्येक अंकाला त्यांची नव्याने वाटणी होते. २०२४ च्या ऑगस्टमधल्या अंकासाठी छायाचित्रांचे टेबल माझ्याकडे आले. सहकाऱ्यांनी आणलेल्या आणि मी काढलेल्या छायाचित्रांतून निवड करायची, ती पानावरच्या जागेनुसार कापायची, प्रत्येकाची फोटोओळ, म्हणजे छायाचित्राखालची माहितीची ओळ, तपासायची आणि कोणते छायाचित्र का वापरले याचे उत्तर संपादकीय बैठकीत द्यायचे, असे ते काम होते. यांतल्या कापण्याच्या कामाविषयी मला विशेष लिहावेसे वाटते. बातमीतला एखादा परिच्छेद गाळला तर त्याची खूण निदान मूळ प्रतीत राहते आणि बातमीदार त्याबद्दल भांडूही शकतो. छायाचित्राच्या कडेवरून गाळलेला माणूस मात्र वाचकाच्या दृष्टीने त्या ठिकाणी कधी नव्हताच.

आम्हाला छायाचित्रण शिकवणारे सर एका दैनिकातून छायाचित्र-संपादक म्हणून निवृत्त झालेले होते. त्यांनी पहिले काही तास आम्हाला संगणकाजवळ जाऊच दिले नाही. काळ्या पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या प्रत्येकाला कापून घ्यायला लावल्या आणि मोठ्या आकारात छापलेली छायाचित्रे टेबलावर मांडली. दोन पट्ट्या समोरासमोर ठेवल्या की त्यांची चौकट तयार होते, आणि त्या सरकवत नेल्या की ती लहान, मोठी, उभी, आडवी कशीही करता येते. छापील वृत्तपत्रांच्या जुन्या काळात छायाचित्र-संपादक असेच काम करीत आणि मग छायाचित्राच्या पाठीवर किंवा कडेला पेन्सिलीने खुणा करीत. पडद्यावर क्रॉपचे साधन वापरताना कडा झटकन हलतात आणि आपण परिणामाकडे पाहतो. पट्ट्या हळूहळू सरकवताना मात्र कोणती वस्तू नेमकी केव्हा नाहीशी होते, हे डोळ्यांना दिसत राहते. मी आजही महत्त्वाच्या छायाचित्राची साधी छापील प्रत काढून आधी पट्ट्या फिरवते.

त्या तासांना सरांनी एक शिस्त लावली, ती पुढे संपूर्ण अंकाला उपयोगी पडली. ते म्हणायचे, "आधी फोटोओळ लिहा, मग कापा. फोटोओळीत जे जे आहे ते चौकटीत दिसलेच पाहिजे. आणि फोटोओळ ज्याबद्दल गप्प आहे असे काही चौकटीत उरले असेल, तर ते का उरले ते मला सांगा." वरवर पाहता हा क्रम उलटा वाटतो, कारण पान लावताना फोटोओळ बहुतेक वेळा सर्वांत शेवटी, घाईघाईने लिहिली जाते. पण फोटोओळ म्हणजे छायाचित्राची बातमीच असते. कोण, कोठे, केव्हा, काय करीत आहे, हे एका वाक्यात सांगता आले नाही, तर चौकट कशाभोवती आखायची हेही ठरवता येत नाही.

छायाचित्राच्या रचनेचे प्रचलित नियम आम्ही अर्थातच शिकलो. चौकटीचे आडवे आणि उभे तीन-तीन भाग कल्पून मुख्य विषय त्या रेषांवर किंवा त्यांच्या छेदांवर ठेवायचा, हा रूल ऑफ थर्ड्स सर्वांना ठाऊक असतो. हा नियम कॅमेऱ्याहून जुना आहे. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये निसर्गचित्रांच्या संदर्भात त्याला हे नाव दिले. माणसाची नजर किंवा हालचाल ज्या दिशेला असेल त्या बाजूला मोकळी जागा ठेवावी, डोक्यावर बेताची जागा असावी, माणूस कापायचाच असेल तर मनगट, कोपर, गुडघा, घोटा अशा सांध्यांवर न कापता दोन सांध्यांच्या मध्ये कापावा, हे नियमही तितकेच उपयोगी आहेत. त्यांपैकी सांध्यांचा नियम मी सर्वांत काटेकोरपणे पाळते. मनगटावर कापलेला हात तुटल्यासारखा दिसतो आणि वाचकाचे लक्ष बातमीऐवजी तिकडे जाते. बाकीचे नियम बातमीच्या पुढे गौण आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्या अंकाच्या पहिल्या पानानेच ते पक्के केले.

पहिल्या पानाची बातमी आंदोलनाची होती. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राजपत्रित नागरी सेवा संयुक्त पूर्वपरीक्षा २५ ऑगस्ट रोजी ठरलेली होती आणि त्याच दिवशी बँकांच्या भरतीसाठीची आयबीपीएसची परीक्षाही होती. दोन्हींची तयारी करणाऱ्या उमेदवारांना एक परीक्षा सोडावी लागणार होती. शिवाय कृषी विभागाची २५८ पदे याच परीक्षेत समाविष्ट करावीत, अशीही मागणी होती. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका, क्लास आणि खाणावळी यांनी भरलेल्या पुण्याच्या नवी पेठेत, शास्त्री रस्त्यावर हे विद्यार्थी रात्री ठाण मांडून बसले. आयोगाने २२ ऑगस्टला परीक्षा पुढे ढकलल्याचे जाहीर केले, पण आम्ही छायाचित्रे काढली तेव्हा हा निर्णय झालेला नव्हता.

तेथे जाताना सरांची सूचना अशी होती, की एकाच घटनेची दुरून, मधून आणि जवळून अशी तिन्ही प्रकारची छायाचित्रे काढायची, आणि शटर दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवायची. कडा पाहण्याची सवय लागली की कापण्याचे निम्मे काम जागेवरच होते. कोणाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला दिसतो, कडेला अर्धाच चेहरा आला आहे, पाठीमागच्या दुकानाची पाटी मुख्य फलकापेक्षा ठळक आहे, हे सगळे एक पाऊल बाजूला सरकून किंवा गुडघ्यावर बसून टाळता येते. त्याच वेळी सरांनी बजावले होते, की चौकट अगदी घट्ट भरू नका. पानावर जागा उभी मिळेल की आडवी, हे घटनास्थळी माहीत नसते, म्हणून चारही बाजूंना थोडी मोकळीक ठेवा. जवळ जाऊन चित्र घ्यायचे, पण कडांना श्वास घ्यायला जागा ठेवायची, हा तोल हाताला बसायला वेळ लागतो.

मी आधी रस्त्यावर, बसलेल्या विद्यार्थ्यांच्या अगदी समोर, खाली बसून छायाचित्रे घेतली. त्यांत पहिल्या रांगेतले चेहरे मोठे आले आणि मागची डोकी एकावर एक रचल्यासारखी दिसू लागली. रस्ता दिसतच नव्हता, दिसत होती ती केवळ माणसे. मग समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या अभ्यासिकेत परवानगी घेऊन गेले आणि खिडकीतून संपूर्ण जमाव घेतला. त्या चौकटीत बसलेल्या विद्यार्थ्यांच्या मागे मोकळा रस्ता होता, त्यावर काही दुचाक्या उभ्या होत्या आणि जमाव कोठे संपतो ते स्पष्ट दिसत होते. दोन्ही छायाचित्रे खरी होती आणि त्यांच्यात थोड्याच मिनिटांचे अंतर होते. तरीही पहिले पाहणाऱ्याला गर्दी अफाट वाटली असती आणि दुसरे पाहणाऱ्याला ती मोजता येण्याजोगी वाटली असती.

संपादकीय बैठकीत सर्वाधिक वेळ याच प्रश्नावर गेला. बातमी लिहिणाऱ्या माझ्या सहकाऱ्याचे म्हणणे असे, की वरून घेतलेले छायाचित्र वापरायचे असेल तर निदान मागचा मोकळा रस्ता कापावा, कारण तो बातमीचा भाग नाही आणि त्याने चित्र पोकळ दिसते. रचनेच्या दृष्टीने त्याचे म्हणणे बरोबरच होते. वरचा एक-तृतीयांश भाग काढला की चौकट अगदी भरीव होत होती. माझा आक्षेप असा होता, की बातमीत उपस्थितांचा कोणताही आकडा दिलेला नव्हता, कारण खात्रीचा आकडा मिळालेला नव्हता. अशा वेळी वाचकाच्या मनातला आकडा छायाचित्रच तयार करते. जमाव जेथे संपतो ती कड कापली, तर तो पुढेही तसाच पसरलेला आहे असे वाचक गृहीत धरतो, आणि आपण न लिहिलेला आकडा आपणच छापलेला असतो. आंदोलनाबद्दल आम्हा सर्वांना सहानुभूती होती. आमच्यापैकी काही जण स्वतः त्या परीक्षेला बसणार होते. म्हणूनच ही काळजी अधिक घ्यायला हवी होती. शेवटी वरून घेतलेले छायाचित्र जमावाच्या मागच्या कडेसह पाच स्तंभांत, म्हणजे पानाच्या पूर्ण रुंदीत, वापरायचे ठरले आणि समोरून घेतलेल्या चेहऱ्यांचे छायाचित्र आत, लहान आकारात गेले. मोकळ्या रस्त्याचा वरचा थोडा भाग मी कापला, पण जमावामागे रस्त्याची एक स्पष्ट पट्टी राहू दिली. डाव्या कडेला एका मुलीच्या हातातल्या फलकावर कृषी विभागाच्या पदांचा उल्लेख होता. तो कापला असता तर बातमीतली दुसरी मागणी छायाचित्रातून निघून गेली असती, म्हणून डावी कड मुळीच हलवली नाही.

त्याच रात्रीच्या आणखी एका छायाचित्राने मला सर्वांत जास्त विचार करायला लावला. ते माझ्या एका मैत्रिणीने काढले होते. मध्यभागी बसलेला एक विद्यार्थी हात वर करून घोषणा देत आहे, तोंड उघडे, भुवया ताणलेल्या. उजवीकडून एक पोलीस शिपाई वाकलेला आहे आणि त्याचा हात विद्यार्थ्याच्या खांद्याच्या दिशेने पुढे आलेला आहे. विद्यार्थी आणि तो हात एवढेच ठेवले, तर अत्यंत प्रभावी उभे छायाचित्र होत होते, आणि कोणीही पाहणारा म्हणाला असता की पोलीस त्याला उठवत आहे. पूर्ण चौकटीत मात्र उजव्या कडेला आणखी एक विद्यार्थी दिसतो. त्याने पाण्याची बाटली शिपायाकडे दिली आहे आणि शिपाई ती पुढच्या रांगेकडे सरकवत आहे. कापलेल्या चौकटीत बाटलीचे केवळ टोक दिसते, तेही अंधारात.

सहकारी म्हणाला, "अगं, ताण हीच तर बातमी आहे. तो या चौकटीत आहे." मी त्याला फोटोओळ लिहायला सांगितली. त्याने दोनदा लिहिली आणि दोन्ही वेळा तो शिपायाच्या हाताबद्दल काहीच लिहू शकला नाही, कारण खरे लिहिले तर बाटलीचा उल्लेख येत होता आणि बाटली चौकटीत ओळखू येत नव्हती. मग त्यानेच ते छायाचित्र न कापता, बाटलीसह वापरावे असे सुचवले. ते चार स्तंभांत तिसऱ्या पानावर गेले. खरे सांगायचे तर ते तेवढे प्रभावी दिसले नाही. नजर तीन माणसांत विभागली जात होती. पण त्या रात्री पोलीस आणि विद्यार्थी यांच्यात जसे वातावरण होते, तसेच त्यात दिसत होते.

या चर्चेनंतर सरांनी आम्हाला दोन प्रसिद्ध प्रकरणे समजावून सांगितली. जानेवारी २०२० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या दावोस येथे पाच तरुण पर्यावरण कार्यकर्त्या एकत्र उभ्या असताना असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने त्यांचे छायाचित्र घेतले. त्यांत स्वीडनची ग्रेटा थुनबर्ग होती आणि युगांडाची व्हॅनेसा नकाते होती. वृत्तसंस्थेने प्रसृत केलेल्या चौकटीत मात्र चौघीच दिसत होत्या. कडेला उभी असलेली नकाते, त्या गटातली एकमेव कृष्णवर्णीय तरुणी, कापली गेली होती. तिच्या मागे आलेली इमारत रचनेत नको होती, असे कारण देण्यात आले, आणि पुढे वृत्तसंस्थेने दिलगिरी व्यक्त केली. सर म्हणाले, "कारण खोटे आहे असे मी म्हणत नाही. इमारत खरेच वाईट दिसत असेल. पण कापताना इमारत पाहिली, माणूस पाहिला नाही." दुसरे प्रकरण २०१० च्या वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतले. युक्रेनच्या स्तेपान रुदिक यांच्या क्रीडाविषयक मालिकेला मिळालेले पारितोषिक रद्द झाले. त्यांनी मूळ चौकट फार मोठ्या प्रमाणात कापली होती आणि तिला हरकत नव्हती. हरकत होती ती चौकटीत उरलेल्या एका पायाचा तुकडा पुसून टाकण्याला. कड आत आणणे आणि कडेच्या आतली वस्तू नाहीशी करणे यांत स्पर्धेच्या नियमांनी स्पष्ट रेषा ओढली होती. नियम म्हणून ती रेषा मला मान्य आहे, पण दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली की दिसते, की सर्व नियमांत बसणारी कापणीही माणसाला पुसू शकते.

आता मापांविषयी, कारण त्यांच्याशिवाय पानावर काहीही बसत नाही. आमच्या पानाला पाच स्तंभ होते. प्रत्येक ४.७ सेंटिमीटरचा आणि मधली जागा ४ मिलिमीटर, म्हणजे तीन स्तंभांचे छायाचित्र १४.९ सेंटिमीटर आणि पूर्ण पानाचे २५.१ सेंटिमीटर रुंद. वृत्तपत्राच्या कागदावर इंचाला २०० पिक्सेल पुरतात. त्या हिशेबाने तीन स्तंभांना सुमारे ११७५ पिक्सेल लागतात. विभागाचा कॅमेरा ६००० गुणिले ४००० पिक्सेलचे चित्र देतो, म्हणजे रुंदीचा पाचवा हिस्सा ठेवला तरी पिक्सेल कमी पडत नाहीत. प्रत्यक्षात अडचण वेगळी येते. रात्री कमी प्रकाशात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवून काढलेल्या चित्रात दाणे असतात, आणि लहान भाग मोठा करून छापला की तेही मोठे होतात. फोकस किंचित मागे गेला असेल तर तेही दिसते. सहकाऱ्यांनी व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या चित्रांची गोष्ट आणखी वेगळी. तेथे लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलपर्यंत खाली आलेली असते, म्हणून अर्धे चित्र कापले की ते जेमतेम दोन स्तंभांना पुरते. मूळ फाइल ई-मेलने किंवा पेन ड्राइव्हवरच आणायची, असा नियम मी पहिल्याच दिवशी फलकावर लिहिला.

छापखान्यात पान लावणाऱ्या काकांकडून मी एक वेगळीच गोष्ट शिकले. रात्रीचे छायाचित्र पडद्यावर पाहून ते लगेच म्हणाले, "ताई, हे काळे जाणार. आपल्या कागदावर शाई पसरते." छायाचित्र ज्या बारीक ठिपक्यांतून छापले जाते ते हाफटोनचे ठिपके वृत्तपत्राच्या कागदावर फुगतात आणि गडद भाग एकजीव होतो. मी गडद भाग थोडे उजळले, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे कापण्याचा निर्णय पुन्हा तपासला, कारण चौकटीच्या कडेला ठेवलेली एखादी महत्त्वाची वस्तू अंधारात असेल आणि छापून आल्यावर दिसणारच नसेल, तर ती ठेवूनही न ठेवल्यासारखीच. पाण्याची बाटली छपाईत दिसते की नाही, हे मी त्यांच्याबरोबर कच्ची प्रत काढून पाहिले, तेव्हाच तिसरे पान छपाईला सोडले.

क्रीडा पानावर आंतरमहाविद्यालयीन मुलींच्या कबड्डीची बातमी होती. शेवटच्या मिनिटातल्या एका चढाईने सामन्याचा निकाल लागला होता, आणि छायाचित्रात चढाईपटू पालथी पडून हात पुढे ताणते आहे, दोघींनी तिचे घोटे पकडलेले आहेत आणि तिची बोटे मध्यरेषेला लागलेली आहेत. पानावर जागा दोन स्तंभांची, उभी होती. उभी चौकट करायची तर चेहरा, खांदे आणि मागच्या दोघींचे ओरडते चेहरे ठेवायचे आणि खालची मॅट काढायची, असा मोह सर्वांनाच झाला. पण मध्यरेषा गेली की ती बाद झाली की वाचली, हेच कळत नाही. कबड्डी पाहणारा वाचक त्या छायाचित्रात सर्वांत आधी रेषा शोधतो. मी बातमीदाराला बातमी आठ ओळींनी कमी करायला सांगितले आणि आडवे, तीन स्तंभांचे छायाचित्र घेतले.

त्यातून दुसरा प्रश्न निघाला. खेळाडूची दिशा उजवीकडे होती आणि जागा सातव्या पानाच्या उजव्या कडेला होती, म्हणजे ती पानाबाहेर निसटते आहे असे दिसत होते. कोणीतरी चित्र आरशातल्यासारखे उलटवायला सुचवले. जर्सीवरचे आकडे उलटे होतील हे तर उघडच होते, पण आकडे नसते तरी मी ते केले नसते. डाव्या हाताने रेषा गाठणारी खेळाडू उजव्या हाताने गाठताना दाखवणे ही चुकीची बातमी आहे. आम्ही छायाचित्र डाव्या स्तंभांत नेले आणि बातमी उजवीकडे सरकवली. पान पुन्हा लावायला अर्धा तास गेला.

खाणावळींच्या वाढलेल्या दरांवरच्या लेखासाठी एका खाणावळचालक काकूंचे व्यक्तिचित्र होते. तेथे काही वाद झाला नाही. त्यांच्या मागचे डबे आणि भिंतीवरचा दरफलक हे दोन्ही चौकटीत राहतील एवढेच पाहिले.

एका छायाचित्राची रचना मात्र घटनास्थळीच काळजीपूर्वक करावी लागली. एका मुलीने आंदोलनस्थळी स्वतःची दोन्ही परीक्षांची प्रवेशपत्रे दाखवली. दोन्हींवर तारीख एकच होती. संपूर्ण बातमी त्या दोन कागदांत आलेली होती. पण प्रवेशपत्रावर नाव, बैठक क्रमांक, छायाचित्र आणि परीक्षा केंद्र हे सगळे असते. मी तिला हे सांगितले, तेव्हा तिनेच दोन्ही कागद दुमडून तारखेची ओळ वर येईल असे धरले. आम्ही ती रचना मांडून घेतलेली असल्यामुळे फोटोओळीत 'दाखवताना' हा शब्द मुद्दाम ठेवला, म्हणजे तो सहज टिपलेला क्षण आहे असे कोणाला वाटू नये. नंतर पडद्यावर शंभर टक्के आकारात पाहिले, तेव्हा एका कागदाच्या खालच्या घडीत क्रमांकाचे काही आकडे वाचता येत होते. तो भाग कापला.

येथे तांत्रिक बाजू नीट माहीत असणे आवश्यक आहे. इनडिझाईन या पान लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र चौकटीत बसवले की बाहेरचा भाग केवळ झाकला जातो, फाइलमधून जात नाही. पीडीएफ तयार करताना चौकटीबाहेरचा भाग वगळण्याचा पर्याय निवडलेला नसेल, तर तो वाचकाकडे जाणाऱ्या पीडीएफमध्येही राहू शकतो आणि तेथून बाहेर काढता येतो. म्हणून केवळ रचनेसाठी कापायचे असेल तेव्हा मी इनडिझाईनची चौकट वापरते. काही लपवण्यासाठी कापायचे असेल तेव्हा फोटोशॉपमध्ये कापलेला भाग काढून टाकते, नव्या नावाने प्रत साठवते आणि पानावर तीच लावते. मूळ फाइल विभागाच्या संगणकावर स्वतंत्र फोल्डरमध्ये राहते.

अंक छापून झाल्यावर तीच छायाचित्रे विभागाच्या समाजमाध्यमांच्या पानांवर टाकायची होती. इन्स्टाग्रामसाठी चारास पाचाची उभी चौकट आणि संकेतस्थळासाठी सोळास नऊची आडवी, अशा दोन नव्या कापण्या प्रत्येक छायाचित्राच्या कराव्या लागल्या. छापील पानासाठी घेतलेला प्रत्येक निर्णय येथे पुन्हा घ्यावा लागतो. पाच स्तंभांचे आडवे छायाचित्र उभ्या चौकटीत घातले की जमावाच्या दोन्ही कडा जातात आणि पुन्हा गर्दी अफाट दिसू लागते. त्या ठिकाणी आम्ही छायाचित्र पूर्ण ठेवले आणि वर-खाली कोऱ्या पट्ट्या सोडल्या. पारितोषिक वितरणाच्या छायाचित्राच्या फोटोओळीत 'डावीकडून' असा क्रम होता; संकेतस्थळाच्या चौकटीत डावीकडचा पहिला माणूस जात होता आणि त्यामुळे पुढची सगळी नावे चुकीच्या चेहऱ्यांना लागली असती. तेथे फोटोओळ बदलण्याऐवजी चौकट रुंद ठेवली.

या सगळ्या निर्णयांसाठी आम्ही एक नोंदवही सुरू केली. छायाचित्राचा मूळ फाइल क्रमांक, ते कोणी काढले, कोणी कापले, कोणती बाजू कापली आणि का, हे एका ओळीत त्यात लिहायचे. 'उजवीकडून रिकामी भिंत', 'वरून रस्ता, जमावाची कड ठेवली', 'खालून प्रवेशपत्राचा क्रमांक' अशा त्या नोंदी आहेत. 'चांगले दिसते म्हणून' हे कारण चालते, पण तेही लिहावेच लागते.

अंक वाटला गेल्यानंतर आंदोलनात सहभागी असलेला एक विद्यार्थी विभागात आला. पहिल्या पानावरच्या छायाचित्रात गर्दी कमी दिसते, ती तुम्ही मुद्दाम कापली का, असे त्याने विचारले. मी त्याला नोंदवही आणि संगणकावरची मूळ चौकट दाखवली. तिच्यात कापलेल्यापेक्षा अधिक मोकळा रस्ताच दिसत होता, हे त्याने मान्य केले. मग तो म्हणाला, "पण हे तुम्ही जेवणाच्या वेळी काढले आहे. तेव्हा निम्मे लोक खाणावळीत गेले होते. अकरानंतर या कडेपर्यंत माणसे होती." फाइलमधली वेळ पाहिली, तर ती रात्री पावणेनऊची होती. अकरानंतर आमच्यापैकी कोणीच तेथे थांबलेले नव्हते, त्यामुळे त्याचे म्हणणे खरे की नाही हे आम्हाला आमच्या छायाचित्रांवरून सांगता येईना. पुढच्या बैठकीत मी हा प्रश्न मांडला आणि तेव्हापासून आमच्या अंकात गर्दीच्या प्रत्येक छायाचित्राच्या फोटोओळीत ते किती वाजता काढले ते लिहिले जाते.